मोरीच्या पाण्यावरची लिंबोणी

आत्याबाई, काल मी तुमच्या लिंबोणीला करवत लावली, आणि तीही झाड फुलावर असताना. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं सांगताना माझा जीव खालीवर व्हायला नको. तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ भांडले, भांडी घासताना तर रोजच, पण कागद घेऊन कधी बसले नव्हते. आज बसले, कारण मागच्या खोलीत दिवा न लावता लिहिता येईल एवढा उजेड आलाय. शिलाई मशीनच्या फळीवर उन्हाचा पट्टा पडलाय आणि त्यात एवढी धूळ दिसतेय की माझी मलाच लाज वाटली. तुम्ही असतात तर आधी धुळीवरून बोलला असतात आणि मग झाडावरून.

लग्न होऊन मी या सिडकोतल्या घरात आले, तेव्हा लिंबोणी माझ्या कमरेएवढी होती. तुम्ही ती अजिंठ्याहून, तुमच्या माहेराहून, डालड्याच्या डब्यात घालून आणि वर ओलं पोतं गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणली होती. ही कथा मला पहिल्या आठवड्यातच ऐकवली गेली आणि पुढेही जो पाहुणा येईल त्याच्याबरोबर पुन्हा ऐकायला मिळाली. मामंजींनी स्वयंपाकघरातल्या मोरीचा पाइप भिंतीतून बाहेर काढून थेट झाडाच्या आळ्यात सोडला होता. आपल्याकडे नळ येतो तेव्हा येतो, त्यामुळे भांड्यांचं पाणी गटारात सोडायची कुणाची हिंमत नव्हती. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, खरकटी ताटं विसळलेलं पाणी, सगळं त्या आळ्यात. आधी राख होती, मग पावडर आली, मग साबणाची वडी, पण झाडानं कशालाच नाक मुरडलं नाही. मी भांडी घासत गेले आणि ते वाढत गेलं. माझ्या खोलीच्या खिडकीला टेकलं, खिडकी झाकली, मग गजांमधून आत आलं. मशीनवर बसलं की दंडाला काटा लागायचा.

माझं माहेर कन्नडकडचं, घरची मोसंबीची बाग, त्यामुळे छाटणी मला कुणी शिकवावी लागली नव्हती. लिंबोणी आणि मोसंबी बहिणीबहिणीच, तेही मला माहीत होतं. पावसात छाटलं तर जखमेत पाणी मुरतं आणि खोडातून डिंक गळायला लागतो. उन्हाळ्यात छाटलं तर आतली कोवळी साल एकदम उघडी पडते आणि आपल्या उन्हानं करपून जाते. राहिला थंडीचा शेवट, झाड निजलेलं असतं तेवढाच काळ. माझे वडील म्हणायचे, "झाड निजलं की छाटावं. निजत नसंल तर निजवावं." निजवायचं म्हणजे पाणी तोडायचं. महिनाभर थेंब द्यायचा नाही, झाड ताणावर ठेवायचं. पानं मलूल होतात, निम्मी गळतात, बघणाऱ्याला वाटतं गेलं हे. मग छाटायचं, आळं खणायचं आणि मग पाणी. हे मी तुम्हाला पहिल्या वर्षीच सांगायला गेले होते. तुम्ही ज्वारी निवडत होतात. तुम्ही सुपातून मानही वर केली नाहीत. म्हणालात, "व्हय का? आन् मोरी काय तुजा बाप बंद करणार हाय?"

बरोबरच होतं तुमचं. मोरी बंद ठेवायची म्हणजे चूल बंद ठेवायची. ते आपल्या घरात कधी होणार होतं?

तरी मी एकदा हात उचललाच. पोटात मुलगी होती, पाचवा-सहावा महिना असेल. तुम्ही शेजारच्या खालांकडे गेला होतात. मी विळा घेतला आणि खोडातून सरळ वर गेलेले दोन पाणसोट, म्हणजे नुसतं पाणी पिणारे आणि फळ न देणारे ते फोक, कापायला वाकले. एक कापला. दुसऱ्याला हात घालते तोच तुम्ही मागे. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या हातातून विळा काढून घेतलात आणि म्हणालात, "वर बघ. फूल हाय का नाय? तिकडं बघ, फळबी हाय. फुलावरचं झाड म्हंजी पोटुशी बाई, फळावरचं झाड म्हंजी लेकुरवाळी. तू सोता पोटुशी असून तिच्यावर विळा उचलतीस? हात कसा धजला तुजा?" तळहातात काटा मोडला होता, तो मी मूठ मिटून लपवत होते. तुम्हाला दिसला. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, दाराच्या उजेडात मला बसवून तुम्ही सुईनं तो काढलात. सुई चालवताना तुमचेच डोळे भरून आले होते, माझ्यासाठी की झाडासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला, आणि तुमच्या मांडीवर हात ठेवून बसायला फार बरंही वाटलं.

पण तुमचा तो नियम मी पुढे नीट तपासून बघितला, आत्याबाई. फूल असताना कापायचं नाही, फळ असताना कापायचं नाही. आंब्याला हे ठीक आहे, सीताफळाला ठीक आहे. त्यांना वर्षात एक रिकामा काळ असतो. लिंबोणीला रोज पाणी मिळालं तर तिला रिकामा काळ नसतोच. एका फांदीवर पिवळं लिंबू, दुसरीवर हिरवं, तिसरीवर कळी. म्हणजे तुमच्या पंचांगात तिची छाटणीची वेळ कधीच येणार नव्हती. मी दरवर्षी थंडीच्या शेवटी खिडकीतून बघायचे आणि दरवर्षी तिथं काहीतरी असायचंच.

माझंही तसंच झालं, हे तुम्हाला माहीत होतं. मी डी.एड. होऊन आले होते. पहिल्यांदा शाळेतून विचारणा आली तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. तुम्ही म्हणालात, "आता नको, पोर सुटू दे." पुढच्या वेळी मामंजींना लकवा झाला. मग मुलीची दहावी, मग बारावी, मग तुमचं आजारपण. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, हीच तर अडचण. खोटं असतं तर मी भांडले असते. मी घरात बसून ब्लाउज शिवायला लागले, आणि मागच्या खोलीत अंधार म्हणून भर दुपारी कंदिलासारखा पिवळा बल्ब लावून शिवायचे. मग एक दिवस तुम्ही खालांना बरोबर घेऊन शहागंजात गेलात आणि ट्यूबलाइट घेऊन आलात. स्वतःच्या हातानं पुडा सोडलात. "डोळे जातील तुजे," एवढंच म्हणालात. तुम्ही माझ्यासाठी आणलेली ती एकच गोष्ट, साडीचोळी सोडून. मला हसू आलं होतं आणि रडूही. खिडकीवरची एक फांदी कापायच्या ऐवजी माझ्या सासूनं बाजारातून उजेड विकत आणला होता. ती पट्टी अजून आहे. आतली नळी कितीदा बदलली, पट्टी तीच.

तुमचा शेवटचा हिवाळा मला फार आठवतो. तुमची खाट आम्ही मागच्या खोलीत हलवली होती. दुपारची वेळ आहे, मी काज करते आहे, तुम्ही खिडकीकडे तोंड करून पडला आहात. मला वाटतं झोपलात. आणि तुम्ही एकदम बोलता, "मला हुरड्याला जायाचं व्हतं. अजिंठ्याला, भावाच्या शेतात. म्हैनाभर ऱ्हायचं व्हतं." मी विचारते, मग का नाही गेलात? तुम्ही पांघरुणाचा काठ चाचपता. "दरसाली म्हणायची मी. पण कायबी असायचंच. तुजे सासरे, त्यांचा डबा. पोरगं. मग तू आलीस. मग तुजी पोर." मी मशीन थांबवते. मला वाटतं, आता तुम्ही काहीतरी सांगणार, जे मी इतकी वर्षं ऐकायची वाट बघते आहे. तुम्ही म्हणता, "पाणी गेलं का गं झाडाला?" मी म्हणते, गेलं. आणि पुन्हा मशीन चालवते.

तुम्ही गेलात तरी तुमचा नियम गेला नाही. तो तुमच्या चिरंजीवांनी उचलला. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, हे निवृत्त झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि आता ते दिवसभर अंगणात खुर्ची टाकून झाडावर नजर ठेवून बसतात. मी फांदीला नुसता हात लावला तरी, "माय म्हणायची..." सुरू. तुमच्या मैत्रीण खाला अजून आहेत, भिंतीवरून लिंबं मागतात. त्या मला म्हणाल्या, "झाड को पूछते बैठी तो तूभी बुड्ढी हो जाती, बहू." मी म्हटलं, झालेच आहे की.

मग या संक्रांतीच्या आधी माझ्या डी.एड.च्या मैत्रिणीचा फोन आला. ती कन्नडला मुलींचं वसतिगृह चालवते. तिथल्या रेक्टरबाई बाळंतपणाला जाणार होत्या. महिनाभर येतेस का, म्हणाली. मुलींजवळ राहायचं, त्यांचा अभ्यास घ्यायचा. फोन ठेवला तेव्हा माझे हात ओले होते, मी मोरीतच उभी होते. आणि मला एकदम ती युक्ती सुचली. मी बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, "लिंबोणी छाटायचीय. खिडकीत साप शिरेल एवढी माजलीय." हे म्हणाले, "फळ आहे वर." मी म्हटलं, "म्हणून तर ताण द्यायचा. महिनाभर पाणी तोडायचं."

"मग मोरीचं पाणी कुठं जाणार?"

"मोरी वापरायचीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही डबा लावा. मी कन्नडला जाते."

मी झाडासाठी जाते म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. माझ्यासाठी जाते म्हटलं असतं तर गुडघा दुखायला लागला असता. मी पाइपाखाली टप लावून दिला, हात धुतलेलं, कप विसळलेलं पाणी त्यात साठवायचं आणि रस्त्याकडच्या जास्वंदीला घालायचं, असं बजावलं. लिंबोणीला थेंबही नाही. संक्रांतीचं वाण लुटलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसले.

कन्नडला काय झालं हे सांगायला गेले तर हे पत्र संपणार नाही. पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर प्रत्येक मुलगी आपापली ताटली घेऊन मागच्या मोरीवर गेली. मीही माझी घेऊन उभी राहिले. एक मुलगी म्हणाली, "बाई, द्या ना इकडं." मला देववेना. मग मी मुकाट्यानं स्वतःची एक ताटली घासली, आणि काम संपलं. एका ताटलीत काम संपलं, आत्याबाई. नंतर हातांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. मग मुलींनी सांगितलं काय करायचं ते. कुणाला भागाकार येत नव्हता, कुणाच्या केसांत उवा, कुणाला रविवारी घरून फोन आला नाही म्हणून रडू. मला सकाळी जाग यायची ती कुणी उठवल्यासारखी नाही, आपोआप यायची. मी तिथं खूश होते. हे लिहितानाही मी दाराकडे बघितलं, कुणी आहे का म्हणून.

महिना झाला, आणि रेक्टरबाई परत येणार नाहीत असं कळलं. मैत्रीण म्हणाली, "तूच राहा आता. सोमवारी आलीस तर तुझं काम, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल." मी महाशिवरात्रीच्या सुट्टीला घरी आले ते हेच ठरवून, की ताणावर असलेलं झाड छाटून टाकायचं, पाणी सोडायचं आणि सोमवारी परत जायचं. यांना फोनवर तसं सांगूनही ठेवलं होतं. माहेराहून भावाकडून छाटणीची करवत मागून आणली होती. फाटक उघडलं तर आधी वासच आला. लिंबोणी पांढरीशुभ्र झाली होती. इतक्या वर्षांत एवढं फूल कधी बघितलं नव्हतं. नुसती माश्यांची गुणगुण.

यांनी पाणी घातलं होतं. तीन आठवडे दम काढला, आणि मग झाडानं पानं टाकायला सुरुवात केली तेव्हा यांच्यानं बघवलं नाही. नुसती मोरी सोडली असती तरी चाललं असतं, यांनी टाकीतल्या बादल्या ओतल्या. ताणावरच्या झाडाला असं एकदम पाणी दिलं की ते फुलून येणारच, आमच्या बागेत बहार असाच धरतात. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "घरात मी आणि ते झाड. तू नाहीस, आणि तेही मान टाकायला लागलं. मग मी काय करायचं?" चेहरा इतका उतरला होता की मी करवत भिंतीला टेकवून ठेवली. आणि मग म्हणाले, "आता फूल आलंय तर फळं उतरू दे. मग छाटू, आणि मग तू जा."

फळं उतरू दे. म्हणजे पावसाळा. म्हणजे तोवर दुसरी फुलं. आवाज त्यांचा होता आणि बोलत तुम्ही होतात. मला त्या क्षणी एवढा राग आला, तुमचा, त्यांचा, त्या पांढऱ्या झाडाचाही. पण खरा घाबरवणारा प्रकार पुढचा. मी करवत घेऊन फांदीखाली उभी राहिले आणि माझा हात उठेना. मला ऐकू आलं, हात कसा धजला तुजा. मला क्षणभर बरंही वाटलं. चला, कारण मिळालं. मैत्रिणीला फोन करून सांगता येईल की बाई, झाड फुलावर आहे. मला माझीच भीती वाटली तेव्हा. बाहेरून कुणी कडी लावली असती तर दार तरी ठोठावता आलं असतं, ही कडी माझी मीच आतून लावत होते.

मी फांदीला आधी खालून काप दिला, साल फाटू नये म्हणून, आणि मग वरून करवत चालवायला लागले. फुलं डोक्यावर, खांद्यावर पडत होती. हे खुर्चीतून उठले. मला वाटलं, हात धरणार. लंगडत आले आणि दोन्ही हातांनी ती फांदी खालून तोलून धरली. फांदी सुटली तेव्हा यांच्या मिठीतच आली. खिडकीवरचं सगळं मोकळं केलं, पाणसोट काढले, जखमांना मोरचूद-चुन्याचा लेप दिला. खाला भिंतीवरून बघत होत्या. यांनी फुलांच्या चार डहाळ्या उचलून बादलीत पाण्यात उभ्या केल्या. जगणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे. बादली अजून अंगणात आहे आणि यांनी सकाळी त्यातलं पाणी बदललंय.

आता अकरा वाजलेत. दुपारची एसटी आहे. यांनी सकाळी स्वतः चहा केला, कप विसळले आणि मोरीचं पाणी झाडाकडे गेलेलं उभं राहून बघितलं. मी नाही म्हटलं नाही. झाडाला आता पाणी लागणारच. पुढच्या महिन्यात ऊन तापेल तेव्हा उघड्या पडलेल्या खोडाला पोतं गुंडाळा, एवढं सांगून ठेवलंय. झाड जगेल की नाही ते मला माहीत नाही. ही वेळ चांगली नव्हती, हे मला छाटणी येणारीला कुणी सांगायला नको. पण आपल्या लिंबोणीला चांगली वेळ आपण कधी येऊच दिली नाही, आत्याबाई. तुम्ही नाही, आणि इतकी वर्षं रोज ते पाणी सोडणारी मीही नाही.

तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं. अजिंठ्याच्या भावाला पत्रं तुम्ही सांगायचात आणि मी लिहायची, आलेलं पत्र वाचून दाखवायची तीही मीच. त्यामुळे हे पाठवायचं तरी कुणाला? तुम्हाला कुणी वाचून दाखवायचं असेल तर ते माझंच काम आहे, आणि मी तर चालले. मशीनच्या खणात ठेवून जाईन.

एक राहिलं. पिशवीत कपड्यांच्या वर मी एक डबा ठेवलाय. तुमच्या झाडाखाली आपोआप उगवलेलं वीतभर रोप आहे त्यात, वर ओलं फडकं गुंडाळलंय. एसटीत मांडीवर घेऊन बसेन. कुठं लावायचं तेही मी मागच्याच खेपेला बघून ठेवलं होतं. वसतिगृहाच्या मोरीचं पाणी मागे मातीत नुसतं वाया जातं.